थर्मोस्टॅट? काढून टाका!

पॉलिएस्टरची साडी साध्या उकळत्या पाण्यात नीट रंग धरत नाही. तिला १३० अंशांचं पाणी लागतं, आणि पाणी तर शंभरालाच उकळून मोकळं होतं. म्हणून सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या डाइंग मिलांत ते जेट मशीनमध्ये कोंडतात, झाकण आवळतात, दाब चढवतात आणि १३० पर्यंत नेऊनही त्याला उकळू देत नाहीत. उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यातल्या खानदेशी माणसांना ही करामत पाठ आहे. धुळे-नंदुरबार-जळगावहून येऊन इथे कुणी जेटवर लागला, कुणी बॉयलरवर, कुणी स्टेंटरवर. पाणी किती तापवायचं आणि कसं उकळू द्यायचं नाही, याचाच त्यांना पगार मिळतो. आणि अशाच मंडळींनी भरलेल्या आमच्या सोसायटीत एक प्रीमियर पद्मिनी दर उन्हाळ्यात, सगळ्यांच्या देखत, फसफसून उकळते.

गाडी आबांची. आबा साक्री तालुक्यातले. तरुणपणी एसटीने सुरतेला आले, बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट मिळवलं आणि निवृत्त होईपर्यंत एका मिलच्या बॉयलरपुढे उभे राहिले. बॉयलरच्या पाण्याबाबत ते कमालीचे सोवळे होते. कच्च्या पाण्यातला चुना नळ्यांना आतून चिकटतो, त्या थरातून उष्णता पलीकडे जात नाही, नळी लाल होते आणि एक दिवस फुटते. म्हणून पाणी आधी सॉफ्टनरमधून काढायचं, रोज तपासायचं, क्षार वाढले की ब्लोडाउन द्यायचं. यात आबांनी मालकाचंही कधी ऐकलं नाही. मात्र गाडीला पाणी पाजायची वेळ आली की हेच आबा सोसायटीच्या बोअरचा पाइप ओढत आणतात. हे तेच पाणी, ज्याने आमच्या बादल्यांना पांढरी किनार चढवली आणि नळांना दाढी आणली.

‘‘आबा, बॉयलरला सॉफ्ट पाणी आणि गाडीला बोअरचं?’’

‘‘बॉयलर मालकाचा होता ना भो. ही घरचीच आहे.’’

गाडीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सोसायटीतल्या पोरांना ती रिक्षाची मावशी वाटते. वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनवली. पुढे १९७४ च्या सुमारास तिचं बारसं होऊन ती ‘पद्मिनी’ झाली, पण लोक शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिले, जसं सुनेचं नाव बदललं तरी माहेरची माणसं जुन्याच नावाने हाक मारतात. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. मुंबईने आपली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरवली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळवे लेख लिहिले. आबांनी ते मोठ्याने वाचून दाखवले आणि म्हणाले, ‘‘त्यांची उतरली. आपली आखाजीला साक्रीला चालली.’’

इंजिनाचा हिशेब कुणाही गृहिणीला संताप आणेल असा असतो. शंभर रुपयांचं पेट्रोल जाळलं तर त्यातले पंचवीसेक रुपये चाकांपर्यंत पोचतात. तिसेक रुपये धुराच्या नळीतून जातात आणि जवळजवळ तितकेच पाण्यात. म्हणजे माणूस गाडी चालवायला जेवढं पेट्रोल जाळतो, जवळपास तेवढंच पाणी तापवायला. हे तापलेलं पाणी फिरवून थंड करायला पद्मिनीत एक रेडिएटर, त्याचं झाकण, एक पंप, एक पंखा, दोघांना फिरवणारा पट्टा, दोन रबरी होज आणि एक थर्मोस्टॅट एवढाच संसार आहे. इतकी साधी व्यवस्था आपण होऊन सहसा बिघडत नाही. तिला बाहेरून मदत लागते, आणि ती आमच्याकडे मुबलक आहे.

पहिली मदत मिस्त्रीची. आमचा मिस्त्री तीन भाषांत बोलतो, पण कुलिंगच्या बाबतीत त्याचं उत्तर एकाच भाषेत असतं: ‘‘काढी नाखो!’’ गाडी तापते म्हटल्यावर त्याने सगळ्यात आधी थर्मोस्टॅट उपटला. ‘‘आबा, ये ठंडे मुलुख का माल है. अपने सुरत में इसका क्या काम?’’

थर्मोस्टॅट ही पितळेची चिमुकली वस्तू आहे. तिच्या पोटात मेण असतं. साधारण ८० अंशांच्या पुढे ते वितळतं, फुगतं आणि झडप ढकलून उघडतं. तोवर पाणी रेडिएटरकडे जात नाही, इंजिनातच घुटमळतं आणि इंजिन लवकर गरम होतं. इंजिनाला थंडी जितकी बाधते तितकी माणसालाही बाधत नाही. गारठलेलं इंजिन पेट्रोल ढोसतं, ऑइलमध्ये ओल साठते, त्याचा चिखल होतो आणि सिलिंडर झिजतात. आबांची गाडी वर्षातला बहुतेक काळ घर ते भाजी मार्केट एवढीच धावते. थर्मोस्टॅट नसल्याने जानेवारीत ती वाटाणे घेऊन परत येईपर्यंत कोमटसुद्धा होत नाही. मे महिन्यात तापते म्हणून तिला जानेवारीत कुडकुडत ठेवायचं, असा हा उपचार. आणि मे महिन्यात ती तापायची ती तापतेच, कारण थर्मोस्टॅट असता तरी त्या उन्हात त्याची झडप पूर्ण उघडीच राहिली असती. रेडिएटर चुन्याने भरला असेल तर थर्मोस्टॅट काय करणार?

हिंदुस्थानातल्या जुन्या गाड्यांचे थर्मोस्टॅट कुठे गेले हा संशोधनाचा विषय आहे. मला वाटतं, प्रत्येक मिस्त्रीच्या टपरीत खिळ्यांच्या डब्याशेजारी एक डबा त्यांचा असावा.

त्यानंतर झाकण. रेडिएटरचं झाकण हे नुसतं झाकण नसून पांडेसऱ्याचं जेट मशीन आहे, छोट्या प्रमाणावर. त्यातली स्प्रिंग पाण्यावर दाब धरून ठेवते. दाबाच्या प्रत्येक पौंडामागे पाण्याचा उत्कलनबिंदू दीडेक अंश वर सरकतो, म्हणजे सात पौंडांच्या झाकणाखाली पाणी ११० पर्यंत शांत राहतं. त्यातच दुसरी एक इवलीशी झडप असते ती उलटी. इंजिन निवलं, पाणी आकसलं, की ती बाहेरची हवा आत घेते. आबांचं मूळ झाकण साक्रीच्या वाटेवर कोंडाईबारीच्या घाटात उडून दरीत गेलं. त्यानंतर बसवलं एका टेंपोचं, ज्याचं रबर मिस्त्रीने ‘जाम होतं’ म्हणून काढी नाखलं. आता पाणी दाबात राहीना आणि शंभरालाच उकळू लागलं. मग कुणी तरी नव्या गाडीचं पंधरा पौंडांचं झाकण आणून दिलं. पितळी रेडिएटरच्या डागकामाला आयुष्यात एवढा मान कधी मिळाला नव्हता. ते तीन ठिकाणी उसवलं. शिवाय या झाकणाची उलटी झडप चिकटलेली, त्यामुळे रात्री गाडी निवली की वरचा होज चपटा होऊन बसे. त्यावरून निष्कर्ष निघाला की होज खराब आहे. होज बदलला. तोही चपटा झाला.

पंपाची कथा तर याहून हृद्य. वॉटर पंपाच्या पोटाशी कारखान्याने मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की त्यातून पाणी ठिबकतं आणि मालकाला कळतं की पंप बदलायची वेळ झाली. आबांच्या पंपाने असा निरोप पाठवला. मिस्त्रीने भोकात एम-सील भरून निरोप्यालाच गप्प केलं. पाणी मग बेअरिंगकडे वळलं आणि पंप कुंथायला लागला.

एवढं झाल्यावर सोसायटी स्वस्थ कशी बसेल? रविवारी सकाळी बॉनेट उघडलं की ज्याच्या त्याच्या धंद्यातलं ज्ञान त्यात पडू लागतं. लूम फिटर असलेले अप्पा पट्टा दाबून पाहतात. अंगठ्याने दाबल्यावर अर्धा इंच दबावा इतपत तो ढिला हवा. पण लूमचा पट्टा सरकला तर ताका बिघडतो, या धास्तीने अप्पा तो सतारीच्या तारेसारखा ताणून देतात. आधीच कुंथणारा पंप मग ओरडतो. एम्ब्रॉयडरीवाले भाऊ ‘जाळीत धागे अडकलेत’ म्हणतात, आणि गंमत म्हणजे ते खरं असतं. आमच्या भागात हवेत जेवढा प्राणवायू आहे तेवढेच पॉलिएस्टरचे तंतू असावेत, आणि रेडिएटरच्या पातळ पापुद्र्यांत ते नमद्यासारखे बसतात. उपाय म्हणून भाऊंनी समोरून कॉम्प्रेसरची हवा मारली. सगळे तंतू आणखी आत गेले. ते पंख्याच्या बाजूने, हलक्या पाण्याने बाहेर ढकलायचे असतात. तिसरे एक नाना आहेत, ज्यांना कशातलंच काही कळत नाही. ते प्रत्येक वेळी पाण्याचा प्रश्न दिल्लीपर्यंत नेतात. देशाचे जलशक्तिमंत्री सी. आर. पाटील हे मूळचे जळगाव जिल्ह्यातले आणि नवसारीचे खासदार, म्हणजे उधनाही त्यांच्याच मतदारसंघात. ‘‘आपला माणूस तिथे बसलाय आणि तुमच्या रेडिएटरात पाणी टिकत नाही म्हणजे काय!’’ हा नानांचा मुद्दा. तो कुणी खोडून काढलेला नाही.

खरी परीक्षा आखाजीला. अक्षय्य तृतीयेला खानदेशात लेकी माहेरी जातात, खापरावर मांडे होतात, आमरसाची पातेली भरतात. आणि उधन्यातली निम्मी वस्ती कडोदरा, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर या रस्त्याला लागते. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे, याचं सगळ्यांना कौतुक. पद्मिनीला मात्र ही हद्द वेगळ्याच रीतीने समजते. पुढे विसरवाडी मागे पडली की कोंडाईबारीचा घाट लागतो, आणि तिथे टेम्परेचरचा काटा सासरी निघालेल्या मुलीसारखा एका बाजूला झुकतो. आत पाच मोठी माणसं, दोन पोरं, डिकीत आंब्यांची पेटी, साड्यांचं गाठोडं आणि बोअरच्या पाण्याचे चार कॅन. बाहेर वैशाख. पुढे उसाचा ट्रक असो की कंटेनर, वेग दुसऱ्या गिअरचा.

गाडी तापली तर हीटर पूर्ण चालू करावा, असा एक शास्त्रशुद्ध सल्ला पुस्तकांत मिळतो. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच, इंजिनाची थोडी उष्णता तो आत ओढून घेतो. सल्ला बिनचूक आहे. देणाऱ्याने एकदा मे महिन्यात, मधल्या सीटवर, काकूंच्या शेजारी बसून तो अमलात आणावा. पद्मिनीत हीटर नाही, हे काकूंचं नशीब, आणि त्याहून जास्त आबांचं.

घाट चढून गाडी ढाब्याला लागली की आबा पेट्रोल वाचवायला लगेच चावी फिरवतात. इथे फसतात ते भले भले. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पंखा बंद. सिलिंडरांभोवतीचं पाणी जागीच थबकतं आणि घाटात न उकळलेली गाडी ढाब्यात उकळते. दोन-तीन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवलं असतं तर ती मुकाट निवली असती. त्यात कुणी तरी उत्साही मेहुणा पंचा गुंडाळून झाकणाला हात घालतो. जेटवर तीस वर्षं काढलेला माणूस दाब उतरल्याशिवाय मशीनचं झाकण उघडत नाही, पोराला उघडू देत नाही, पण रेडिएटर पाहिला की त्याचा संयम सुटतो. दाब गेला की आतलं तापलेलं पाणी क्षणात वाफ होऊन उसळतं. ढाब्याच्या छताला लागलेला डाग मी पाहिला आहे. मेहुणा वाचला, कारण तो घाबरट होता आणि आधीच मागे सरला होता. नंतर त्याच उत्साहाने तापलेल्या इंजिनात गार पाणी भदाभद ओतायचं असतं, म्हणजे ब्लॉकला तडा जायची सोय होते.

यात लाजण्यासारखं काही नाही, असं मी आबांना सांगत असे. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास असाच झाला. १८८८ च्या ऑगस्टात बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी गाडी आणि दोन मुलं घेऊन मानहाइमहून माहेरी, फोर्झहाइमला निघाली. त्या गाडीला रेडिएटर नव्हताच. पाणी उकळून हवेत जायचं आणि बाई वाटेत जागोजाग पाणी भरायची. चढ आला की पोरं उतरून ढकलायची. पेट्रोलसारखं द्रव्य तिने औषधाच्या दुकानातून घेतलं. आबांना त्यातला एकच भाग आवडला. ‘‘माहेरीच चालली होती ना? मग आखाजीच असेल.’’ मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, आठ हजारांवर नळ्यांचा रेडिएटर विल्हेल्म मायबाखने केला तो १९०१ च्या मर्सिडीजसाठी. तेव्हापासून माणसाला गाडी न उकळवता हिंडता येतं. निदान यावं अशी अपेक्षा आहे.

एका आखाजीला आबांचा रेडिएटर दहिवेलच्या अलीकडे गळायला लागला. आणि गळत्या रेडिएटरवर आपल्या देशात एकच रामबाण आहे: हळद. मूठभर हळद आत टाकली की ती पाण्यात फुगते, वाहत भोकापाशी जाते आणि तिथे बसते. गळती खरंच थांबते. फक्त हळदीला भोक कुठलं आणि नळी कुठली यातला फरक कळत नाही, म्हणून ती दोन्हीकडे सारख्याच आपुलकीने बसते. पुढे लग्नही होतं, त्यामुळे गाडीत हळद भरपूर. लग्नघरी पोचल्यावर कळलं की नवरदेवाआधी गाडीला लागली.

परतल्यावर जे झालं ते मात्र कुणाच्या सल्ल्याने नाही. आमच्या विंगमध्ये एका मिलच्या लॅबमधले केमिस्ट राहतात. ते कामावरून येत होते, खिशात पाण्यातले क्षार, म्हणजे टीडीएस, मोजायचं पेन होतं. आबा बॉनेट उघडून उभे. केमिस्टांनी सहज ते पेन रेडिएटरच्या पिवळट-तांबूस पाण्यात बुडवलं, आकडा पाहिला, पेन झटकलं, पुन्हा पाहिला आणि म्हणाले, ‘‘आबा, हे पाणी तुम्ही बॉयलरला दिलं असतं ना, तर इन्स्पेक्टरने सर्टिफिकेट काढून घेतलं असतं.’’

आबा काही बोलले नाहीत. इतक्या वर्षांत त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पद्मिनीच्या हँडलला दोरीने पुठ्ठा लटकत होता: ‘शटडाउन. हात लावू नये.’ आबांनी खाकी डगला घातला होता. मिस्त्री आला तेव्हा त्याला स्टुलावर बसवून चहा दिला आणि पान्याला शिवू दिलं नाही. ड्रेन कॉक उघडला. काही आलं नाही, कारण तो चुन्याने बुजला होता. तारेने टोचल्यावर जे आलं त्याला पाणी म्हणणं धाडसाचं होतं. ब्लॉकमध्ये उलट बाजूने पाइप लावून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतलं. रेडिएटर उतरवून रेडिएटरवाल्याकडे नेला. त्याने वरची टाकी डाग सोडवून काढली आणि एकेका नळीत पातळ पट्टी घालून रॉडिंग केलं. आतून चुना निघाला, गंज निघाला, आणि हळद. पंप नवा आला. निरोपाचं भोक उघडं राहिलं. झाकण सात पौंडांचं, रबरासकट.

थर्मोस्टॅट नवा आणला, पण आबा कारखान्यावर विश्वास ठेवणारे नव्हेत. स्वयंपाकघरातल्या पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने टांगलेला थर्मोस्टॅट, शेजारी मिलमधलं थर्मामीटर. ८२ ला झडप हलली तेव्हा आबांनी काकूंना हाक मारली. काकूंनी झडप पाहिली नाही, पातेलं पाहिलं. ते आमरसाचं होतं. तेव्हापासून ते गाडीच्या डिकीत राहतं.

शेवटी कूलंट. कूलंट म्हणजे बर्फ पडणाऱ्या देशातलं हिरवं पाणी, असा आपला समज. त्यामुळे उधन्यात ते घालणं म्हणजे मे महिन्यात स्वेटर. खरं तर आपल्याला त्याचा उपयोग दुसराच. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल निम्म्याला निम्मं शुद्ध पाण्यात मिसळलं तर मिश्रण दाबाशिवायही १०७ अंशांच्या आसपास उकळतं, आणि त्यातली गंजरोधक द्रव्यं पितळ, लोखंड आणि ॲल्युमिनिअमचं हेड यांना एकमेकांना खाऊ देत नाहीत. ही द्रव्यं संपतात, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं. आबांना हे लगेच पटलं. ‘‘बॉयलरला डोसिंग करतो तेच की!’’ त्यांनी बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर आणलं, हळूहळू ओतलं, होज दाबून हवा काढली आणि वहीत तारीख लिहून सही केली. ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी, त्यामुळे सांडलेलं कुत्र्या-मांजरांपासून जपावं लागतं. आबा फरशी पुसून होईपर्यंत सोसायटीच्या कुत्र्याला नाना बिस्किटं देत गेटपाशी घेऊन बसले. नानांनी केलेलं हे पहिलं उपयोगी काम.

पुढच्या आखाजीला घाट आला आणि काटा हलला नाही. आबांनी काचेवर टिचकी मारली. तरीही नाही. गाडीत विचित्र शांतता पसरली. पोरांनी विचारलं, आता थांबायचं नाही का? आंबे कधी कापायचे? इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की ढाब्याला थांबणं हा प्रवासाचा भाग आहे. आबा अखेर थांबलेच. दोन मिनिटं इंजिन चालू ठेवलं, मग बॉनेट वर करून उगाच उभे राहिले. ढाब्याचा पोऱ्या सवयीने पाण्याची बादली घेऊन आला. आबांनी त्या पाण्याने तोंड धुतलं.

आता आबांच्या पुतण्याने नवी गाडी घेतली आहे. परवा तिच्यात लाल दिवा लागला. रविवार होता, सगळे जमले. बॉनेट उघडलं तर आत एक सलग काळं प्लॅस्टिकचं आवरण, कोपऱ्यात एक बंद बाटली आणि तिच्यावर ‘उघडू नये’. पट्टा दिसेना, त्यामुळे अप्पा हिरमुसले. जाळी कुठे, हे भाऊंना सापडेना. नाना खासदारांना फोन करायच्या बेतात होते. आबांनी खाकी डगला आणला आणि तसाच परत नेला. मिस्त्रीने पान्याची पिशवी खाली ठेवली, आवरणाभोवती दोन फेऱ्या मारल्या, बॅटरीच्या उजेडात वाकून पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून आबांकडे वळला.

‘‘आबा, इसमें से मैं निकालूँ क्या?’’